थर्मोस्टॅटची पायथन स्क्रिप्ट दोन दिवसांनी लॉगिन विसरते आणि हीटिंग तसंच पेटलेलं राहतं, काय करू?

गोधडी_फेकली:

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज हात टेकले म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

घरात पाच खोल्या, प्रत्येक रेडिएटरवर एक बॅटरीवाला स्मार्ट वाल्व, पाचही वाल्व एका ब्रिजशी बोलतात, ब्रिज राउटरला लावलेला, बॉयलर गॅसवरचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर सगळे कंपनीवर तुटून पडतील आणि माझा प्रश्न बाजूलाच राहील. अ‍ॅप बरं आहे पण मला "घरात कोणी नसेल तर कमी कर" हे माझ्या पद्धतीने हवं होतं, म्हणून पायथनची एक लायब्ररी शोधली (कंपनीची नाही, कोणीतरी हौसेने लिहिलेली) आणि रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसतं "पाय" म्हणतो) स्क्रिप्ट लावली.

स्क्रिप्ट असं करते: दर ३ मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) तिला उठवतो, ती टोकन (क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला, दाखवायचा लॉगिनचा पास) रिन्यू करते, मग एकेका खोलीचं तापमान वाचते, २०.३ च्या खाली असेल तर त्या वाल्वला २५ सेट करते म्हणजे पटकन तापेल, २०.५ च्या वर गेलं की ५ सेट करते म्हणजे बंद. रात्री दहानंतर बेडरूमसाठी हेच आकडे १८ च्या आसपास. आमचे फोन वायफायवर दिसत नसतील तर सगळीकडे १७. सगळं झालं की शेवटी टोकन फाईलमधे लिहून बाहेर पडते.

एक-दोन दिवस मस्त चालतं आणि मग कधीतरी मधेच बोंब. लॉगमधला तुकडा देतो:

०२:११ टोकन रिन्यू, ठीक
०२:११ हॉल १९.९, सेट २५
०२:१४ टोकन रिन्यू, ठीक
०२:१७ टोकन रिन्यू, एरर ४००, इनव्हॅलिड ग्रँट
०२:२० टोकन रिन्यू, एरर ४००, इनव्हॅलिड ग्रँट

आणि मग सकाळपर्यंत हेच. परत चालू करायचं तर ब्राउझरमधे लिंक उघडा, कोड टाका, "परवानगी द्या" दाबा. अधूनमधून ४२९ पण येतो, तो मी दुर्लक्ष करून लगेच पुन्हा प्रयत्न करतो.

गेल्या आठवड्यात कहर झाला. दोन दिवस बाहेर होतो, निघालो त्याच रात्री स्क्रिप्ट मेली, आणि हॉलला शेवटची कमांड गेलेली होती २५ ची. आलो तर दार उघडल्या उघडल्या तोंडावर गरम वाफ, हॉलमधली दोन झाडं माना टाकून पडलेली. दोन दिवस रिकाम्या घरात बॉयलर राबत होता.

आतापर्यंत केलेले उपाय: लायब्ररी अपडेट केली, टोकन फाईल पुसून नव्याने लॉगिन केलं, रिट्राय ३ वरून १० केला, मग २०. फरक शून्य. लायब्ररीतच बग आहे का? की हे सगळं सोडून क्लाउडशिवाय चालणारं काहीतरी घेऊ?


सेमीकोलन:

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय भाऊ 😄 रिट्राय २० काय २०० केलात तरी काही होणार नाही, कारण इनव्हॅलिड ग्रँट म्हणजे "आत्ता जमत नाही, नंतर ये" नव्हे, "तुझा पास रद्द झालाय" असा अर्थ आहे. त्यावर रिट्राय करायचाच नसतो, थांबून माणसाला कळवायचं असतं.

आता तुमचाच लॉग परत बघा. ०२:११ ला टोकन रिन्यूची ओळ आहे आणि खाली हॉलची ओळ आहे. ०२:१४ ला टोकन रिन्यू ठीक, पण हॉलची ओळ कुठाय? ती स्क्रिप्ट गेली कुठे? ती गेलेली नाही, ती तिथेच लटकलीय.

लायब्ररी आतून रिक्वेस्ट्स (पायथनमधून वेबशी बोलायचं पॅकेज) वापरत असेल (बऱ्याच जुन्या लायब्रऱ्या वापरतात) तर एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, रिक्वेस्ट्सला स्वतःचा टाइमआउट नसतो. तुम्ही दिला नाही तर सर्व्हरने उत्तर देईपर्यंत ती बसून राहते, तास न तास सुद्धा. आणि क्रॉनला आधीची प्रत संपली की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, तीन मिनिटं झाली की तो दुसरी सोडतो.

मला वाटतं झालंय ते असं. या कंपन्यांकडे हल्ली दोन टोकन असतात. एक अ‍ॅक्सेस टोकन, थोडा वेळ टिकणारं, समजा १० मिनिटं. दुसरं रिफ्रेश टोकन, ते दाखवून नवं अ‍ॅक्सेस टोकन मिळतं. गोम अशी की रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येतं, दाखवलं की ते घेऊन फाडून टाकतात आणि हातात नवीन देतात. ०२:१४ च्या प्रतीने जुनं दिलं, नवं घेतलं, पण ते नवं फक्त तिच्या मेमरीत, कारण तुम्ही फाईलमधे लिहिता सगळ्यात शेवटी. मग ती हॉलचं तापमान विचारायला गेली आणि लटकली. ०२:१७ ची प्रत आली, फाईल उघडली, तिच्यात अजून तेच जुनं फाडलेलं टोकन. ते घेऊन खिडकीवर गेली. खिडकीवरच्याला वाटलं, अरे हे तर मघाशीच वापरून झालंय, म्हणजे कोणीतरी चोरून आणलंय, आणि त्याने नवं-जुनं सगळंच रद्द केलं. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधे गुपित जपता न येणाऱ्या क्लायंटसाठी टोकन असं फिरवत राहायला सुचवलेलंच आहे.

म्हणजे लायब्ररीचा दोष असलाच तर टाइमआउट न देण्यापुरता. बाकी घोडं तुमच्याच स्क्रिप्टमधे अडलंय. काय करायचं ते सांगतो:

पहिलं, टोकन मिळाल्या मिळाल्या लिहा, बाकी कुठलंही काम करायच्या आधी. आणि थेट त्याच फाईलवर लिहू नका, मधेच लाईट गेली तर अर्धी फाईल उरते आणि मग तीही वाचता येत नाही. त्याच फोल्डरमधे दुसऱ्या नावाने लिहा, फ्लश करा, एफसिंक करा (म्हणजे ते खरंच कार्डावर उतरेल), मग ओएस मॉड्यूलमधलं रिप्लेस वापरून मूळ नावावर फिरवा. त्याच फोल्डरमधे म्हणतोय ते महत्त्वाचं आहे, टेम्प फोल्डर बऱ्याचदा वेगळ्या फाईलसिस्टमवर असतो आणि मग रिप्लेस सरळ एरर देतं.

दुसरं, कुलूप, एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून. एफसीएनटीएल मॉड्यूलमधलं फ्लॉक, नॉन-ब्लॉकिंग (म्हणजे वाट बघत न बसता) करून. कुलूप मिळालं नाही तर नव्या प्रतीने "आधीची चालू आहे" एवढी एक ओळ लॉगमधे लिहून गुपचूप निघून जायचं.

तिसरं, टाइमआउट. दोन आकडे देता येतात, जोडणीला ५ सेकंद आणि उत्तराला २०, एवढं पुरतं. लायब्ररी टाइमआउट घ्यायला देत नसेल तर सेशनला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावून आत घुसवता येतो. असिंक लायब्ररी (एका वेळी अनेक कामं चालवणारी) असेल तर तिच्यातली एआयओएचटीटीपी निदान ५ मिनिटांनी आपणहून सोडते, पण ५ मिनिटं सुद्धा तुमच्या ३ मिनिटांच्या क्रॉनपेक्षा जास्तच आहेत ना.

खरं म्हणजे क्रॉनच काढा. सिस्टमडीची (लिनक्समधे प्रोग्रॅम सतत चालू ठेवणारी सोय) एक सर्व्हिस करा, एकच प्रोसेस कायम चालू, टोकन तिच्याच ताब्यात, अ‍ॅक्सेस टोकन संपत आलं तरच रिन्यू. दर ३ मिनिटांनी नवं टोकन मागणं म्हणजे दर वेळी घरात शिरायला नवी किल्ली पाडून आणण्यासारखं आहे.


गोधडी_फेकली:

अहो काय नजर आहे तुमची! तो लॉग मी शंभर वेळा वाचला असेल, नसलेली ओळ दिसलीच नाही. आत्ताच पायवर बघितलं तर माझ्या स्क्रिप्टच्या चक्क तीन प्रती लटकलेल्या सापडल्या, एक परवापासूनची. आज रात्री बदलतो.


पाना_पक्कड:

टोकनचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. मी आयुष्यभर बॉयलर आणि रेडिएटर केलेत, आणि ती २५ आणि ५ ची ओळ वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली म्हणून लिहितोय. रागावू नको बाळा.

वाल्व स्वतःच थर्मोस्टॅट आहे रे. त्याच्या आत तापमान मोजणारं सेन्सर आहे, छोटी मोटर आहे, आणि २०.५ सांगितलं तर खोली २० ला आली की तो हळूहळू झाकण आवळायला लागतो, पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढंच त्याला येतं असं नाही. तू काय केलंस, थर्मोस्टॅटच्या डोक्यावर दुसरा थर्मोस्टॅट बसवलास, आणि तो पण आडदांड. २५ सांगितलं की वाल्व सताड उघडा. खोली २०.५ ला पोचली, तू ५ सांगितलंस, वाल्व बंद, पण रेडिएटर तेव्हा ६० अंशाला तापलेला आहे आणि त्याच्यातलं पाणी आणि पोलाद अजून अर्धा तास उष्णता सोडत बसणार. म्हणून खोली २२ ला जाते, मग पडत पडत २० ला येते, परत २५. तुझा तापमानाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत असेल बघ. आणि पटकन तापेल म्हणून २५ ठेवलंस ना, वीस सांगितलं काय आणि पंचवीस काय, थंड खोलीत वाल्व दोन्ही वेळेला पूर्णच उघडतो, तापायचा वेग तोच.

पाच वाल्व असे एकदम उघडबंद झाले की बॉयलर पण पेट-वीझ पेट-वीझ करतो. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर परत येणारं पाणी साधारण ५५ अंशाच्या खाली असलं तरच धुरातली वाफ पाणी होते आणि तिची उष्णता आपल्याला मिळते, म्हणून त्याला मंद आणि सलग चालू द्यायचं असतं. शिवाय मोटर जितकी फिरेल तितकी बॅटरी जाते. बॅटऱ्या किती वेळा बदलतोस ते सांग.

आता दुसरी गोष्ट, झाडं मेली ती. मॅन्युअल सेटिंग तीन तऱ्हेचं असतं बहुतेक सिस्टीममधे: मी बदलेपर्यंत, अमुक मिनिटांपुरतं, किंवा वेळापत्रकातला पुढचा टप्पा येईपर्यंत. तू पहिलं वापरलंस. सांगणारा मेला तरी ऐकणारा तेच करत बसला. मिनिटांपुरतं वापर. ९० मिनिटांसाठी १७ सांग, आणि अजून कोणी घरी नसेल तर मुदत संपायच्या आत परत ९० मिनिटं वाढव. स्क्रिप्ट मेली, नेट गेलं, पाय जळाला, काही झालं तरी दीड तासात घर आपल्या वेळापत्रकावर येतं.

आणि रोजचं जे ठरलेलं आहे, रात्री दहानंतर बेडरूम १८ वगैरे, ते अ‍ॅपमधल्या वेळापत्रकातच टाक. ते सहसा थर्मोस्टॅटलाच सांभाळता येतं, त्याला तुझी स्क्रिप्ट कशाला पाहिजे. स्क्रिप्टने फक्त अपवाद सांगायचे.

वरचा एक सल्ला: बंद म्हणून ५ ठेवतोस ते ठीक आहे, निदान पाईप गोठणार नाहीत, पण कधी चुकून "ऑफ" कमांड सापडली तर तिच्या मागे लागू नकोस. आणि गरम पाण्याची टाकी असेल तर तिला स्क्रिप्टने अजिबात हात लावायचा नाही. तिथलं ६० अंश चैनीसाठी नसतं, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात म्हणून असतं.


सेमीकोलन:

काकांनी पॉइंटाचं सांगितलं, मी नुसत्या टोकनच्या मागे लागलो होतो. त्याच्यावरून हिशोब केला, दर ३ मिनिटांनी म्हणजे दिवसाला ४८० फेऱ्या, फेरीत १ टोकन, ५ वाचनं, ५ सेट, असे ११ कॉल, म्हणजे दिवसाला ५,२८० कॉल! ४२९ येणारच, ४२९ म्हणजे "फार वेळा विचारतोयस". आणि त्यावर तुम्ही लगेच पुन्हा विचारता, म्हणजे आगीत तेल. उत्तराच्या हेडरमधे रिट्राय-आफ्टर असतो बऱ्याचदा, तेवढे सेकंद गप्प बसायचं. नसेल तर दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट, वर थोडा रँडम.

लायब्ररीत सगळ्या खोल्या एकाच कॉलमधे देणारं फंक्शन आहे का बघा, सहसा असतं. दर १० मिनिटांनी एक कॉल म्हणजे दिवसाला १४४. आणि सेट तेव्हाच करायचं जेव्हा काहीतरी बदलायचं आहे. आधी काय सेट केलेलं ते लक्षात ठेवा आणि तेच असेल आणि मुदत पण शिल्लक असेल तर पाठवूच नका.

फोन वायफायवर नाही म्हणजे माणूस घरात नाही, यातही गोची आहे. काही फोन झोपले की वायफायवरून गायब होतात. निदान १५-२० मिनिटं सलग दिसला नाही तरच "गेला" माना, आणि दिसला की लगेच "आला". जाताना आळशी, येताना चपळ.


तारेवरची_कसरत:

उशिरा येतोय पण मूळ प्रश्नातला शेवटचा भाग कोणी घेतला नाही, क्लाउड सोडू का. माझं मत, हो, पण सावकाश.

क्लाउड म्हणजे भाड्याचं घर, मालक कधीही कुलूप बदलू शकतो. नेस्टचं (गूगलचे स्मार्ट थर्मोस्टॅट) उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, गूगलने "वर्क्स विथ नेस्ट" (बाहेरच्यांना नेस्टशी जोडायची सोय) मधे ३१ ऑगस्ट २०१९ नंतर नवीन जोडण्या बंद केल्या, त्यावर लिहिलेल्या कितीतरी पायथन स्क्रिप्ट निकालात निघाल्या. आणि २५ ऑक्टोबर २०२५ ला तर २०११ आणि २०१२ चे पहिल्या दोन पिढ्यांचे थर्मोस्टॅट अ‍ॅपमधूनच तुटले. भिंतीवर हाताने फिरवले तर चालतात, पण दुरून नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी तुमच्या ब्रिजच्या मागे बघा, होमकिटचा (अ‍ॅपलची घरातली उपकरणं जोडायची पद्धत) आठ आकडी कोड छापलाय का. असेल तर एआयओहोमकिट नावाची पायथन लायब्ररी त्या ब्रिजशी घरातल्या घरात बोलते, टोकन नाही, कोटा नाही, नेट गेलं तरी चालतं. फक्त होमकिटमधे तापमान वाचा आणि तापमान सेट करा एवढंच सरळ मिळतं, काकांनी सांगितलेली ९० मिनिटांची मुदत नाही मिळणार. म्हणजे स्क्रिप्ट मेली तर परत झाडांवर संक्रांत. मी वाचायला होमकिट आणि सेट करायला क्लाउड असं अर्धं-अर्धं ठेवलंय, कारण वाचन सारखं लागतं आणि सेट क्वचित.

पूर्ण लोकल हवं तर झिगबीचे (छोट्या उपकरणांची बिनतारी पद्धत) वाल्व, एक यूएसबी डोंगल, झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबीचे निरोप एमक्यूटीटी या निरोप पोचवायच्या पद्धतीत आणणारा प्रोग्रॅम), आणि पायथनमधे पाहो (एमक्यूटीटीची लायब्ररी). दोन ठेचा मी खाल्ल्यात त्या तुम्ही खाऊ नका. एक म्हणजे पाहोची २.० आवृत्ती २०२४ मधे आली तिच्यात कॉलबॅकची (निरोप आला की चालणाऱ्या फंक्शनची) पद्धत बदलली, जुन्या ट्युटोरियलमधला कोड जसाच्या तसा टाकला तर क्लायंट बनवतानाच बऱ्याचदा एरर येतो, कॉलबॅक एपीआयची आवृत्ती कोणती ते सांगावं लागतं. दुसरं, बॅटरीवरचे वाल्व झोपलेले असतात. कमांड लगेच लागत नाही, ते उठून शेजारच्या राउटर डिव्हाइसला "माझं काही आलंय का" विचारतात तेव्हा मिळते. मी "लागली नाही वाटतं" म्हणून धडाधड पाच वेळा पाठवायचो आणि मग पाचही एकदम पोचायच्या, वाल्व घुर्रर्र घुर्रर्र करत बसायचा.

आणि कोणी अगदी खाली उतरून थेट झिगबीचे आकडे वाचणार असेल तर, तिथे तापमान शंभरपटीत असतं, २१.५ म्हणजे २१५०. ब्लूटूथवाले ईक्यू-३ चे वाल्व दुप्पट करून एका बाइटमधे पाठवतात, २१.५ म्हणजे ४३, आणि त्यांच्यात ४.५ म्हणजे बंद आणि ३० म्हणजे पूर्ण उघडा. मी पहिल्या दिवशी दुप्पट करायचं विसरलो, २० पाठवले, वाल्वला कळले १०, आणि रात्रभर कुडकुडलो 🥶


गोधडी_फेकली:

मंडळी, चार दिवसांनी रिपोर्ट देतोय.

क्रॉन काढला, सर्व्हिस केली, कुलूप लावलं, टोकन आधी लिहिणं, टाइमआउट, सगळं सेमीकोलन यांनी सांगितल्याप्रमाणे. काकांचं ऐकून २५-५ चा सगळा कोडच उडवला. दोनशे ओळींची स्क्रिप्ट सत्तर ओळींवर आली. आता ती फक्त विचारते घरात कोणी आहे का, नसेल तर ९० मिनिटांसाठी १७, एवढंच. काका, बॅटऱ्यांचं विचारलंत ना, हॉलच्या वाल्वच्या दोन महिन्यांत संपायच्या, मला वाटायचं बॅटऱ्याच खराब मिळाल्या.

आलेख खरंच करवतीसारखा होता, लाज वाटली बघून. आता २०.२ ते २०.७ च्या मधे जवळजवळ सपाट चाललाय.

मुदतीची परीक्षा पण घेतली. बायकोला आणि मुलाला बाहेर पाठवलं, सगळ्यांचे फोन वायफायवरून काढले, स्क्रिप्टने हॉल १७ केला, आणि मी सरळ पायची वायर ओढली. मग हातात घड्याळ घेऊन हॉलमधे बसून राहिलो, बसणारा माणूस घरात असून खोली थंड होतेय हा विनोद कळत होता मला. ९० मिनिटं झाली आणि वाल्वने बारीक घुर्र केलं, स्क्रीनवर १७ चे २०.५ झाले. स्क्रिप्ट मेलेली, वायर हातात, आणि घर आपलं आपण वेळापत्रकावर. तेवढ्यासाठी तरी सगळ्यांना साष्टांग नमस्कार.

पण. काल रात्री परत इनव्हॅलिड ग्रँट. एकच प्रोसेस चालू होती, कुलूप होतं, लॉगमधे लटकलेलं काहीही नाही. आता काय?


सेमीकोलन:

पायवर एकच प्रोसेस आहे मान्य. ते टोकन पायच्या बाहेर कुठे आहे का? दुसरं मशीन, टेस्टिंगसाठी कॉपी केलेली फाईल, डॉकरमधे, कुठेही? कुलूप त्याच मशीनपुरतं असतं.


गोधडी_फेकली:

🤦 लॅपटॉप. आलेख काढायला नोटबुक (ब्राउझरमधे चालणारं पायथन) आहे, तिच्यासाठी टोकन फाईल कॉपी केली होती. आणि काल रात्रीच काकांना सपाट आलेख दाखवायचा म्हणून नोटबुक चालवली, तिने रिन्यू केलं. वेळ जुळवून बघितली, नोटबुक १०:४२ ला, पायवर एरर १०:५१ ला. म्हणजे शाबासकी मिळवायला गेलो आणि स्वतःचंच लॉगिन घालवलं.


सेमीकोलन:

😂 होतं असं. नोटबुकला वेगळं लॉगिन करून द्या, लिंक उघडून कोड टाकून तिचं स्वतंत्र टोकन घ्या, दोघांच्या साखळ्या वेगळ्या राहतात मग एकाचं टोकन फिरल्याने दुसऱ्याचं जात नाही. किंवा त्याहून सोपं, नोटबुकने क्लाउडकडे जायचंच नाही, सर्व्हिस जे वाचते ते एसक्यूलाइटमधे (एका फाईलमधला छोटा डेटाबेस) लिहू दे आणि नोटबुक ती फाईल वाचेल. कॉल पण वाचतात.

लिंक-कोडवालं लॉगिन स्वतः लिहिणार असाल तर एक सांगतो, माणूस कोड टाकेपर्यंत स्क्रिप्टने सर्व्हरला विचारत राहायचं असतं, पण किती सेकंदांनी ते सर्व्हरच सांगतो, सांगितलं नाही तर ५ सेकंद धरायचे. "स्लो डाउन" आलं तर आणखी ५ वाढवायचे. आरएफसी ८६२८ मधे आहे हे सगळं, छोटंसं आहे, वाचून काढा.


पाना_पक्कड:

आलेख न बघताच शाबास म्हणतो. एक राहिलं, वाल्व रेडिएटरला चिकटून बसलेला असतो त्यामुळे त्याला खोली आहे त्यापेक्षा गरम वाटते, पडदा वर आला असेल तर आणखीनच. साधं थर्मामीटर खोलीच्या मधोमध छातीच्या उंचीला ठेव, तासाभराने दोन्ही आकडे बघ, फरक दिसला तर अ‍ॅपमधे ऑफसेट (आकड्याची दुरुस्ती) असतो तिथे टाक. स्क्रिप्टमधे नाही.


गोधडी_फेकली:

ठेवलं काका. हॉलचा वाल्व २०.५ म्हणतोय, टेबलावरचं थर्मामीटर १९.१. पडदा खरंच वाल्ववर पडलेला होता. पडदा वर बांधल्यावर फरक ०.६ राहिला, तेवढा ऑफसेट अ‍ॅपमधेच टाकला.

एसक्यूलाइटचं पण झालं, नोटबुक आता क्लाउडला हातच लावत नाही, आणि लॅपटॉपवरची टोकन फाईल उडवली.


तारेवरची_कसरत:

पायच्या कार्डाचा बॅकअप घेता का? घेत असाल तर टोकनची फाईल त्यातून वगळा. कार्ड कधीतरी मरणार, तुम्ही मागच्या आठवड्याचा बॅकअप टाकणार, त्यातलं टोकन कधीच वापरून झालेलं असणार, आणि तुम्ही परत इथे येऊन इनव्हॅलिड ग्रँटचा धागा उघडणार.


गोधडी_फेकली:

घेतो, दर रविवारी, सगळ्या कार्डाचा. आत्ता वगळतो.